लिटर, घनमीटर आणि पायली: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात दुधाच्या मापांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत दुधापेक्षा तेल, पेट्रोल, शेततळं आणि इन्सुलिन यांचेच प्रश्न जास्त निघाले. वैधमापन खात्यात निरीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी मापं तपासण्यात गेली. अजूनही कुणी माप हातात दिलं की नजर आधी बुडाकडे आणि मग शिक्क्याकडे जाते. उत्तरासाठी पत्रं निवडताना एकच गोष्ट पाहिली: वाचकाला घरातली टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन उत्तर स्वतः पडताळता आलं पाहिजे.

माझी मुलगी सातवीत आहे. एका मीटरमध्ये १०० सेंटीमीटर असतात, मग एका घनमीटरमध्ये १०० घन सेंटीमीटर का नसतात, असं ती विचारते. पुस्तकात दहा लाख लिहिलंय ते तिला पटत नाही. कसं समजावू?
*एक आई, चिपळूण*

न पटता पाठ करण्यापेक्षा ती भांडते आहे, याचा मला आनंद झाला. ताई, एका रविवारी तिच्याबरोबर बसून खोकं करा. जाड पुठ्ठ्याचे १० सेंटीमीटर बाजूचे पाच चौकोन कापा आणि चिकटपट्टीने जोडा. वरची बाजू उघडी ठेवा. आत पातळ प्लास्टिकची पिशवी नीट कोपऱ्यांपर्यंत पसरा. चारी बाजूंना पुस्तकं टेकवून ठेवा, नाहीतर पाण्याच्या दाबाने पुठ्ठा फुगतो आणि पातळी खाली राहते. आता एक लिटर पाणी ओता. पाणी काठाला येऊन थांबेल. लिटर म्हणजे एवढंच: १० सेंटीमीटर लांब, १० रुंद, १० उंच.

मग तिला पट्टी देऊन खोक्याच्या तळावर एकेक सेंटीमीटरचे चौकोन आखायला सांगा. दहा ओळी, प्रत्येकीत दहा, म्हणजे शंभर. हा झाला एक सेंटीमीटर उंचीचा एकच थर. असे दहा थर रचले की हजार घन सेंटीमीटर. एक घन सेंटीमीटर आणि एक मिलिलिटर हे एकाच आकारमानाचं नाव आहे, म्हणून लिटरमध्ये हजार मिलिलिटर. आता अंगणात खडूने एक मीटर बाजूचा चौकोन काढा. त्यात तिची खोकी दहा बाय दहा, शंभर बसतील. असे दहा थर म्हणजे हजार खोकी, हजार लिटर, एक घनमीटर. हजार खोकी आणि प्रत्येकात हजार घन सेंटीमीटर, झाले दहा लाख. लांबीत शंभरपट केलं की रुंदीतही शंभरपट होतं आणि उंचीतही, हे तिला खडूने आखताना आपोआप दिसेल. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी म्हणजे बरोबर एक घनमीटर, फक्त गोल केलेला.

घरात कुणाचा रक्ताचा रिपोर्ट असेल तर तोही तिला दाखवा. हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. त्याच कागदावर तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान फेम्टोलिटरमध्ये असतं, साधारण ८० ते १००. एक फेम्टोलिटर म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी बाजू असलेला घन. टाकी असो की पेशी, माप एकाच लिटरमधून निघतं.

एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो, हे अचूक आहे का?
*विज्ञान शाखेचा विद्यार्थी, लातूर*

व्यवहारात हो. फ्रान्समध्ये १७९५ साली लिटर ठरला तो घन डेसिमीटर म्हणूनच, म्हणजे वरचं खोकं. पुढे १९०१ मध्ये व्याख्या बदलली आणि ठरावीक दाबाखाली, सर्वाधिक घनतेच्या तापमानाला एक किलो शुद्ध पाणी जेवढी जागा व्यापतं ती जागा म्हणजे लिटर असं ठरलं. ही जागा घन डेसिमीटरपेक्षा दर दहा लाखांत २८ भागांनी जास्त निघाली. एवढ्याशा फरकानेही काटेकोर मोजमापात गोंधळ होऊ लागला, म्हणून १९६४ मध्ये पुन्हा घन डेसिमीटर हीच व्याख्या स्वीकारली. तेव्हापासून लिटर लांबीवर ठरतो, पाण्यावर नाही. तुझ्या लातूरच्या उन्हाळ्यात ३० अंशांवर एक लिटर पाणी भरतं सुमारे ९९६ ग्रॅम. प्रयोगशाळेच्या वहीत तापमान लिहीत जा.

आमच्या किराणा दुकानात तेलाचे दोन डबे शेजारी असतात, एक १५ लिटरचा आणि एक १५ किलोचा. किलोवाला महाग. दुकानदार म्हणतो तेल तेच. मग जास्त पैसे का द्यायचे? आइस्क्रीमचा डबाही हाताला फार हलका लागतो, तिथे फसवणूक होते का?
*एक गृहिणी, अहिल्यानगर*

ताई, तेल पाण्यापेक्षा हलकं. खाद्यतेलाचा एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतो. म्हणून १५ लिटरच्या डब्यात तेल असतं सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलोच्या डब्यापेक्षा जवळजवळ एक किलो ३५० ग्रॅम कमी. समजा लिटरचा डबा २,००० रुपयांना आहे आणि किलोचा २,१५० ला. पहिल्यात किलोमागे सुमारे १४६ रुपये ५० पैसे पडतात. दुसऱ्यात १४३ रुपये ३३ पैसे. महाग दिसणारा डबा स्वस्त निघाला. तुमच्या दुकानातले खरे भाव घ्या, लिटरच्या डब्याची किंमत १३.६५ ने भागा, किलोच्या डब्याची १५ ने, आणि मग ठरवा. तुपालाही हाच हिशोब लागतो. लिटरच्या पॅकवर ९०५ ग्रॅमच्या आसपासचा आकडा छापलेला असतो तो याचसाठी.

तेलात आणखी एक खोच आहे. तेल तापलं की फुगतं. ६० अंशांवर मोजलेल्या एका लिटरमध्ये २१ अंशांवर मोजलेल्या लिटरपेक्षा सुमारे २५ ग्रॅम तेल कमी असतं. काही पिशव्यांवर 'एक लिटर, ६० अंश तापमानाला' असं बारीक अक्षरांत छापलेलं असायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये यावर बोट ठेवलं आणि तापमान न लिहिता निव्वळ प्रमाण छापा, सोबत वजनही छापा, असं उत्पादकांना सांगितलं. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. तव्याएवढ्या गरम तेलाचा लिटर कुणाच्या घरात येतो? पिशवीवर ग्रॅमचा आकडा बघूनच खरेदी करा. ग्रॅम तापमानाने बदलत नाहीत.

आइस्क्रीमची गोष्ट वेगळी. ते फेटताना त्यात हवा भरतात, तिच्यामुळेच ते चमच्याने उचलता येईल इतकं मऊ राहतं. विक्री मात्र मिलिलिटरवर होते. आपल्या अन्नसुरक्षा मानकांनुसार एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं. म्हणजे ७०० मिलिलिटरच्या डब्यात ३६७ ग्रॅमच्या आसपास असेल तरी ते नियमात बसतं. रिकामा डबा धुऊन त्याचं वजन वजा करा आणि दोन कंपन्यांची तुलना करा. हवा कुणी किती विकली ते काट्यावर लगेच कळतं.

दुधाबद्दल मागच्या वेळी सविस्तर लिहिलंच आहे, पण पत्रांत पुन्हा आलं म्हणून थोडक्यात: एक लिटर दूध साधारण १,०३० ग्रॅम, म्हणून अर्ध्या लिटरची पिशवी ५१५ ग्रॅमच्या खाली भरत असेल तर विचारणा करा. सुटं दूध घेत असाल तर मापाला पोचा पडलेला नाही ना ते बघा. एका पोच्यात कितीतरी मिलिलिटर जातात, आणि तेही रोज, प्रत्येक गिऱ्हाइकामागे. उंचावरून ओतून आणलेला फेस म्हणजे दूध नव्हे. तो बसू द्या, मग पातळी बघा.

पंपावर पेट्रोल कमी मिळतं असा संशय आहे. सकाळी लवकर भरलं तर जास्त मिळतं, ११० रुपयांचं मागितलं तर चोरी होत नाही, असं सगळे सांगतात. खरं काय?
*रिक्षाचालक, कोल्हापूर*

दादा, ११० रुपयांच्या आकड्यात काही नाही. यंत्र लिटर मोजतं आणि भावाने गुणतं. यंत्रात गडबड असेल तर ती १०० लाही होईल आणि ११० लाही. सकाळच्या समजुतीला मात्र थोडा आधार आहे. पेट्रोल अंशामागे साधारण हजारात एक भाग फुगतं, म्हणजे लिटरला अंशामागे एक मिलिलिटर. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. वर ऊन कितीही तापलं तरी तिथलं तापमान सकाळ ते दुपार फारसं हलत नाही. तेवढ्यासाठी झोपमोड करू नका.

तुमच्या हातात खरं हत्यार आहे ते पाच लिटरचं तपासणी माप. ते प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. मागायला लाजू नका. हे माप खाली रुंद आणि वर निमुळतं असतं, मानेवर रेघा असतात. ती मान उगाच निमुळती केलेली नाही. २५ मिलिलिटर पेट्रोल ३० सेंटीमीटर रुंदीच्या बादलीत कमी पडलं तर पातळी अर्धा मिलिमीटरसुद्धा उतरत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. तेच २५ मिलिलिटर पाच सेंटीमीटर व्यासाच्या मानेत कमी पडले तर पातळी सव्वा सेंटीमीटर खाली दिसते. म्हणून बाटलीत किंवा कॅनमध्ये भरून घेतलेल्या पेट्रोलवरून केलेली तक्रार टिकत नाही.

मोजताना क्रम पाळा. माप आधी पेट्रोलने भिजवून ओतून टाकायला सांगा, शेवटचा थेंब निथळू द्या. कोरड्या मापाच्या भिंतींना पेट्रोल चिकटतं आणि तेवढं मोजणीत कमी दिसतं. मग माप सपाट जागी ठेवा. यंत्राचा आकडा शून्यावर आहे ना, ते स्वतः बघा. पाच लिटर भरल्यावर गुडघ्यावर बसा आणि डोळे मानेतल्या पातळीच्या रेषेत आणा. उभ्याने वरून वाकून बघितलं की रेघ चुकीची दिसते, आणि पंपावरचे निम्मे वाद याच वाकून बघण्यातून होतात. द्रवाची पातळी कडेला काचेवर किंचित चढलेली असते, मध्ये खोलगट. वाचायची ती मधली, खालची पातळी. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून कमी भरलं तर तिथल्या तिथे तक्रार वहीत लिहा, पावती ठेवा, जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात जा किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर सांगा.

आईला इन्सुलिन सुरू झालंय. सिरिंजवर आणि बाटलीवर ४० आणि १०० असे वेगवेगळे आकडे दिसतात. शिवाय लहान मुलीच्या तापाच्या औषधाचं 'एक चमचा' म्हणजे कोणता चमचा?
*एक नोकरदार स्त्री, पनवेल*

हे पत्र सगळ्यांत आधी उचललं होतं आणि पत्राने उत्तरही पाठवलं आहे. इथे पुन्हा लिहितो, कारण ही बाब प्रत्येक घरापर्यंत गेली पाहिजे.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळतं. ४० लिहिलेल्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, १०० लिहिलेल्यात एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे दोन. ४० च्या सिरिंजवर २० युनिटच्या रेघेपर्यंत भरलं की आत येतो अर्धा मिलिलिटर. त्या सिरिंजमध्ये १०० ची बाटली ओढली तर त्याच अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट गेले. म्हणजे अडीचपट. रेघ बरोबर, हात बरोबर, तरीही माणूस बेशुद्ध पडू शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे दर वेळी मोठ्याने वाचा. नवीन पाकीट आणल्यावर तर नक्कीच. दुकानदाराने 'ही नाही, ती घ्या' म्हटलं तरी आकडा बदलू देऊ नका, बदलायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून. भरताना रेघ वाचायची ती काळ्या रबराच्या पुढच्या, सुईकडच्या कडेपाशी.

औषधाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. घरातल्या चमच्यांचा काही भरवसा नाही, एकाच घरात तीन मापांचे चमचे निघतात. बाटलीसोबत येणारं टोपण किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. टोपण हातात उंच धरून भरू नका, टेबलावर ठेवून भरा आणि डोळे रेघेच्या उंचीला आणा. मिलिलिटर बरोबर मोजले म्हणून औषध बरोबर गेलं असंही नाही. पॅरासिटामॉलचं पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असं मिळतं, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असंही मिळतं, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर ५०० मिलिग्रॅम झाले. डॉक्टरांकडून 'किती मिली, कोणत्या बाटलीतून' असं दोन्ही लिहून घ्या. घरात दोन वयांची मुलं असतील तर बाटल्या वेगळ्या फडताळात ठेवा.

माझं शेततळं वर ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल आहे. गुणाकार केला तर २,७०० घनमीटर, २७ लाख लिटर. कागदावर मात्र २,१९६ घनमीटर लिहिलंय. बाकीचे पाच लाख लिटर कुठे गेले?
*शेतकरी, सिन्नर*

दादा, ते मातीत आहेत. तळ्याच्या बाजू सरळ खाली उतरत नाहीत, उतार देतात, नाहीतर भिंत ढासळेल. एकास एक उतार म्हणजे एक मीटर खाली गेलं की कड एक मीटर आत येते. तीन मीटर खोलीवर चारी बाजूंनी तीन तीन मीटर आत. तळ उरला २४ बाय २४. आता हिशोब असा: वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६, आणि मधोमध दीड मीटरवर २७ बाय २७, म्हणजे ७२९. मधल्याला चारने गुणा, वरचं आणि खालचं मिळवा, सहाने भागा आणि खोलीने गुणा. ९०० अधिक २,९१६ अधिक ५७६, झाले ४,३९२. भागिले सहा, ७३२. गुणिले तीन, २,१९६. कागदावरचा आकडा बरोबर आहे, आणि तो तुम्ही बांधावर बसून काढू शकता.

आता उपयोगाची गोष्ट. दीड मीटर पाणी उरलं की 'निम्मं राहिलं' असं म्हणतात. निम्मं राहिलेलं नसतं. खालचा भाग अरुंद, म्हणून दीड मीटरवर उरतात फक्त ९७६ घनमीटर, शेकडा ४४. डाळिंबाला किंवा द्राक्षाला उन्हाळ्याचं पाणी पुरवायचं गणित इथेच चुकतं, मार्चमध्ये 'निम्मं आहे' म्हणून निर्धास्त राहतात आणि एप्रिलच्या शेवटी टँकर शोधतात. तळ्यात एक खांब सरळ उभा करा आणि त्यावर रंगाने खुणा करा: एक मीटरला ६ लाख २५ हजार लिटर, दोन मीटरला साडेतेरा लाखांच्या थोडं वर, तीन मीटरला २१ लाख ९६ हजार. खोली कधीही उतारावर टेप टाकून मोजू नका. तीन मीटर खोल तळ्याच्या प्लास्टिकवर टेप धरली तर ४ मीटर २४ सेंटीमीटर दाखवेल आणि पाणी आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त वाटेल.

तळं काठोकाठ भरलेलं असताना पातळी एक सेंटीमीटर उतरली तर नऊ हजार लिटर गेले. ते पंपाने उचलले असतील तर ठीक. पंप बंद असताना, उन्हाशिवाय दुसरं कारण नसताना, पातळी रोज सेंटीमीटरहून जास्त उतरत असेल तर तळ्यातला प्लास्टिकचा कागद फाटला आहे का बघा.

पावसाचंही असंच सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एकरात ४,०४७ चौरस मीटर, म्हणून एकरावर एक मिलिमीटर म्हणजे ४,०४७ लिटर. तुमचं भरलेलं तळं एका एकरावर पसरलं तर ५४ सेंटीमीटर उंचीचं पाणी होईल. किती एकर भिजवायचे ते यावरून ठरवा.

कोयनेतून इतके क्युसेक विसर्ग, धरणात इतके टीएमसी, असं बातम्यांत सांगतात. छत्रपती संभाजीनगरकडच्या पेपरात दलघमी लिहितात. एकाच पाण्याची इतकी मापं कशाला?
*निवृत्त शिक्षक, कऱ्हाड*

गुरुजी, टीएमसी आणि क्युसेक इंग्रजांच्या घनफुटातून आलेली. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक घनफूट २८.३ लिटरचा. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे २,९८० दलघमी. बातम्यांनी दलघमीच वापरावं असं मला ठामपणे वाटतं, कारण घनमीटरवरून लिटर काढायला फक्त शून्यं लागतात.

तुम्ही नदीकाठचे, तुम्हाला एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा सांगतो: ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी गेलं. बातमीत ३५ हजार क्युसेक ऐकलं तर दिवसाला तीन टीएमसी. धरणात वरून तेवढंच येत असेल तर पातळी जागेवर राहते, आणि विसर्ग लगेच थांबणार नाही हे कळतं. एक क्युसेकने गच्चीवरची हजार लिटरची टाकी ३५ सेकंदांत भरते, यावरून आकड्यांचा अंदाज घ्या.

पाणीपट्टीच्या बिलात 'युनिट' म्हणजे किती लिटर?
*फ्लॅटधारक, पुणे*

मीटरवरचं एक युनिट म्हणजे एक घनमीटर, १,००० लिटर. बिल वाढलं असेल तर गळका नळ आधी मोजा. खाली २५० मिलिलिटरचा पेला ठेवा. तो दहा मिनिटांत भरला तर दिवसाला ३६ लिटर, महिन्याला १,०८० लिटर, एका युनिटहून जास्त.

सासूबाईंच्या वहीत भाजणीचं आणि पापडांचं प्रमाण पायली, शेर, चिपट्यात आहे. घरात लाकडी पायली आहे, आतून व्यास १६ सेंटीमीटर, उंची १९. ती किती लिटरची? इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर आहे.
*एक वाचक, सावंतवाडी*

वेगळं असणारच. पायली गावोगावी वेगळी होती, कोकणातली आणि देशावरची एक नव्हती. १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनं-मापं टप्प्याटप्प्याने आली ती हाच घोळ मिटवायला. त्यामुळे तुमच्या वहीला तुमच्याच घरची पायली लागू. त्रिज्या ८, आठ गुणिले आठ ६४, गुणिले ३.१४१६, गुणिले १९. उत्तर ३,८२० घन सेंटीमीटर, म्हणजे ३.८ लिटर. पण व्यास दोन दिशांनी मोजा, जुनं लाकूड वाळून लांबट होतं. व्यासात दोन मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरात जवळजवळ १०० मिलिलिटर फरक पडतो, कारण व्यास दोनदा गुणला जातो. पडताळणीसाठी पाणी ओतू नका, लाकूड पितं आणि सांध्यांतून गळतं. मोहरी भरा, पट्टी फिरवून सपाट करा आणि लिटरच्या मापाने मोजून काढा.

सपाट हा शब्द मुद्दाम लिहिला. जुन्या व्यवहारात माप शिगोशीग भरायचे. तुमच्या पायलीवर पाच सेंटीमीटर उंच शीग आली तर ती शंकूच्या आकाराची, ३३५ मिलिलिटरची, म्हणजे पायलीच्या शेकडा नऊ भाग जास्त धान्य. शीग लावून घ्यायचं आणि सपाट करून द्यायचं, यावर सावकारांची कोठारं भरली. आताच्या कायद्याने धान्य वजनावर आणलं, त्याने शेतकऱ्याचं भलं झालं असं मी मानतो.

वहीत 'शीग' किंवा 'भरून' असं कुठे लिहिलंय का ते बघा. नसेल तर सपाट धरा. चार शेरांची पायली, म्हणजे तुमचा शेर ९५५ मिलिलिटरचा. शेराचा चौथा हिस्सा चिपटं, ते २३९ मिलिलिटर. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या २४० मिलिलिटरच्या कपाएवढंच. भाजणीसाठी पायलीऐवजी १६ कप आणि चिपट्याऐवजी एक कप घ्या, प्रमाण जसंच्या तसं राहील. फक्त डाळ, तांदूळ, धणे सगळं कपानेच मोजा. मध्येच एखादा जिन्नस वजनावर घेतला तर प्रमाण बिघडेल, कारण कपभर तांदूळ आणि कपभर धणे यांचं वजन एक नसतं.